‘इसरी गऊ’ला औषध काय?

कळफलक : वाचकांचे प्रश्न, टायपिंगवाल्या बाईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, राहणार एरंडोल. जून २०१९ मध्ये मुलगा पुण्याहून सुट्टीला आला तेव्हा त्याने घरी डेस्कटॉप बसवून दिला. पुतणे येऊन गेम टाकतात म्हणून त्याने स्वतःच्या नावाचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं केलं आणि मला साधं खातं दिलं. इतकी वर्षं कुठे अडलं नाही. आता नवीन प्रिंटर आणला, तर तो जोडताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. मुलाला फोन केला तर म्हणतो, “आबा, मी इसरी गऊ,” म्हणजे विसरून गेलो. एका दुकानदाराने सांगितलं की फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसावं लागेल. मी नऊ वर्षं अहिराणी शब्द जमवतोय, चार हजारांच्या वर झाले, ते सगळे माझ्या खात्यात टाइप केलेले आहेत. मुलीच्या लग्नाचे फोटो मुलाच्या खात्यात आहेत, ते मला उघडत नाहीत. फॉरमॅट न करता काही मार्ग आहे का?

उत्तर : गुरुजी, मार्ग आहे. त्या दुकानदाराला फोन करून सांगा, घाई नाही म्हणून. आमच्याकडे कपाशीला मावा लागो की बोंडअळी, काही दुकानांतून एकच बाटली हातात पडते, तसं संगणकाचं ‘फॉरमॅट’. दुकानदाराला सोपं पडतं. नुकसान होतं ते आपलं.

मी हे साळसूदपणे सांगत नाही. मीही एकदा मारलाय. २००६ ची गोष्ट. पारोळ्याच्या एका फोटोग्राफरचा संगणक आमच्या क्लासवर आला, पासवर्ड विसरलेला. मी विचारलं, “काम कुठे ठेवलंय?” तो म्हणाला, “सगळं डी ड्राइव्हला.” मी विश्वास ठेवला, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि विंडोज नव्याने टाकलं. दुसऱ्या दिवशी तो धावत आला. एका लग्नाचे फोटो त्याने डेस्कटॉपवर ठेवले होते. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरचा पसारा, तो कुठल्याच ड्राइव्हमध्ये नसतो, असं त्याला वाटायचं. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळं एरवी सी ड्राइव्हमध्येच, ज्याच्या-त्याच्या खात्याच्या फोल्डरात असतं. ते लग्न गेलं ते गेलंच. नवरीच्या वडिलांसमोर त्या फोटोग्राफरबरोबर मीही उभी होते. तेव्हापासून आमच्याकडे आधी माल बाहेर निघतो, मग कुलपाला हात लागतो.

म्हणून पहिलं काम आजच करा, पासवर्ड राहू द्या बाजूला. तुम्हाला तुमच्या खात्यात तर जाता येतंय. पेनड्राइव्ह लावा आणि शब्दांच्या सगळ्या फाइली त्यावर घ्या. चार हजार शब्द म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्या मानाने डोंगर असेल, पेनड्राइव्हच्या मानाने चिमूटभर मीठ आहे. एक प्रत मुलाला ईमेलने पाठवून ठेवा. ‘इसरनं’ हा शब्द यादीत नसेल तर तोही टाकून घ्या.

आता पासवर्ड. लोक मला विचारतात, “ताई, आतमध्ये कुठेतरी लिहिलेलाच असेल ना, काढून द्या.” लिहिलेला नसतो. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. तो दळून त्याचं पीठ ठेवतं, त्याला हॅश म्हणतात, आणि ते ‘सॅम’ नावाच्या एका फाइलीत असतं. कळण्याच्या पिठातून ज्वारी आणि उडीद पुन्हा वेगळे निवडता येतील का? तसंच ते. तुम्ही पासवर्ड टाकला की विंडोज तोही दळतं आणि दोन्ही पिठं जुळतात का बघतं. म्हणून विसरलेला पासवर्ड ‘काढून’ देता येत नाही, त्याच्या जागी नवा बसवता येतो. “जुना पासवर्ड दोन मिनिटांत दाखवतो” म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर दिसली तर हात लावू नका, त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्या पासवर्डपेक्षा तुमच्या संगणकात रस असतो.

पण गुरुजी, मुलगा खरंच विसरलाय का, हे आधी तपासा. मी गंमत करत नाही. गेल्या वर्षी एका कृषी केंद्राच्या मालकांनी संगणक आणला. पासवर्ड रोजचाच, चार वर्षांचा, पण दोन दिवसांपासून चालेना. “कोणीतरी बदलला,” म्हणून घरातल्या पोरावर आळ. पोरगा बिचारा कोपऱ्यात उभा. मी त्यांना पासवर्ड टाकायला लावला आणि खोक्याच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं ते दाबायला सांगितलं. त्यावर बोट धरलं की ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. त्यांच्या पासवर्डात मध्ये ‘अ‍ॅट द रेट’ची खूण होती. पडद्यावर तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटलेलं. कळफलक भारतीय इंग्रजीवरून ब्रिटिश इंग्रजीवर गेला होता, आणि ब्रिटिश मांडणीत त्या दोन खुणांची अदलाबदल असते. शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला की ‘अ‍ॅट’ न येता अवतरणचिन्ह येतं. पडद्याच्या खाली उजवीकडे भाषेची खूण असते, तिथून मांडणी बदलली आणि पहिल्या झटक्यात उघडला. मालक पोराकडे न बघता मला म्हणाले, “ताई, किती झाले?” मी म्हटलं, पैसे नको, पोराला पाववडा खाऊ घाला.

तुमच्याकडे मराठी टायपिंग चालतं, म्हणजे तुमच्या संगणकावर मराठी मांडणी नक्की असणार. इंग्रजीत टाकतोय असं वाटत असताना आत देवनागरी उमटत असेल तर मुलगा खरं सांगूनही खोटा पडेल. कॅप्स लॉक बघा. आकडे उजव्या बाजूच्या पट्टीवरून टाकत असाल तर नम लॉक बघा. मग मुलाला फोनवर घ्या आणि डोळा दाबून, अक्षरं बघत-बघत त्याचे जुने नेहमीचे दोन-चार पासवर्ड टाकून पाहा. पोरांचे पासवर्ड फार नसतात, एकाच्याच मागे आकडे बदलत असतात. शांतपणे टाका. नव्या विंडोज ११ मध्ये दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटं बंद होतं, आणि ते बरोबरच आहे.

तरीही नाही जमलं, तर मुलाचं खातं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. प्रिंटर जोडताना पासवर्ड मागणारी जी खिडकी येते, तिच्यात मुलाच्या नावाखाली बघा. तिथे ईमेल पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. मग सुटकाच झाली. पासवर्ड तुमच्या घरात नाहीच, तो मायक्रोसॉफ्टकडे आहे, आणि मुलगा पुण्यात बसून मोबाइलवरून बदलू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर ‘फरगॉट पासवर्ड’ केलं की त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येतो. नंबर तोच असला म्हणजे झालं. नंबर बदलला असेल आणि दुसरा ईमेलही बंद असेल, तर एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात धीर लागतो. जुनी माहिती सगळी काढून नवी टाकली तर मायक्रोसॉफ्ट तीस दिवस थांबायला लावतं. एक लक्षात ठेवा : नवा पासवर्ड झाल्यावर तुमचा संगणक इंटरनेटला जोडा आणि एकदा त्या खात्यात शिरा. जोडल्याशिवाय त्याला नव्या पासवर्डची बातमी कळत नाही, तो जुनाच धरून बसतो.

नावाखाली ईमेल नसेल तर ते घरचं खातं, म्हणजे लोकल. २०१९ चा डेस्कटॉप, घाईत बसवलेला, म्हणून माझा अंदाज हाच आहे. आणि इथे तुमचं नशीब चांगलं. एप्रिल २०१८ च्या आवृत्तीपासून विंडोज १० असं खातं पासवर्ड देऊन उघडताना तीन प्रश्नांची उत्तरं भरून घेतं. मुलाने ती भरली असणार आणि विसरलाही असणार. संगणक सुरू करून मुलाच्या खात्यावर टिचकी मारा, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, ‘ओके’ करा. खाली ‘रिसेट पासवर्ड’ असे शब्द येतील. त्यावर टिचकी मारली की तीन प्रश्न पडतात. सहा ठरलेल्या प्रश्नांपैकी तीन : पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्म झाला ते शहर, लहानपणीचं लाडाचं नाव, पहिली शाळा, सगळ्यात मोठ्या चुलत-मावस भावंडाचं नाव, आणि आईवडील पहिल्यांदा भेटले ते शहर.

या शेवटच्या प्रश्नाने आमच्याकडे चांगलाच गोंधळ होतो. तो काढणाऱ्या साहेबाला खान्देशातली बघण्याची पद्धत माहीत नसावी. एका मुलीने ‘धरणगाव’ टाकलं, कारण लग्न तिथे झालं. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, “भेटलो कुठे, तुझ्या आजोबांनी जळगावच्या स्टँडवर दाखवलं मला लांबून.” उत्तर जळगावच निघालं. अट एवढीच की उत्तराचं स्पेलिंग तेव्हा जे केलं तेच हवं. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-दोन, तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. एरंडोलचंही शेवटचं ‘ओ’ की ‘ओ-ए’ असं होतं. जळगावात तर ‘ए-ओ’ आणि ‘ओ-ए’ या उलटसुलट जोडीने कित्येकांचे फॉर्म परत आलेत. प्रश्न मुलाला वाचून दाखवा आणि स्पेलिंग त्याच्याकडून अक्षरा-अक्षराने घ्या.

प्रश्नही चुकले, तर मग मात्र जाणत्या माणसाकडे जा. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून लोकल खात्याचा पासवर्ड पुसण्याच्या पद्धती आहेत, आम्हीही करतो, मालक समोर बसवून. त्या पायऱ्या इथे छापत नाही. हा अंक तुमच्या पुतण्यांच्याही हाती पडतो. पण त्या माणसाकडे जाण्याआधी लग्नाचे फोटो बाहेर काढून घ्या, किंवा त्याच्याकडून आधी तेच करून घ्या.

विंडोजचा पासवर्ड हा विंडोजच्या दाराचा आहे, पेटीचा नाही. विंडोज चालू असतं तोवर ते मुलाच्या फोल्डरावर तुम्हाला हात लावू देत नाही. तेच विंडोज झोपलेलं असताना, उबंटूचा (विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला, ‘ट्राय उबंटू’ निवडलं, तर ती डिस्क साध्या डबीसारखी उघडते. त्यात ‘यूजर्स’ नावाचं फोल्डर, त्यात मुलाचं नाव, त्यात पिक्चर्स आणि डेस्कटॉप. डेस्कटॉपही बघा, पारोळ्याची गोष्ट आठवून. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. उबंटूवर जाताना संगणक शट डाउन न करता रिस्टार्ट करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत असतं आणि डिस्क कुरकुर करते. हे जमण्यासारखं नसेल तर हार्डडिस्क काढून, यूएसबीच्या केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली तरी तेच. ‘परवानगी नाही’ अशी पाटी आली की ‘कंटिन्यू’ करायचं, तिथले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आपण असलो म्हणजे झालं.

अट एकच, डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, नको. ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतं का ते पाहून ठेवा. कुलूप असेल तर पेटीलाही कुलूप आहे, आणि वरचं काही चालणार नाही. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

‘रिसेट धिस पीसी’ नावाचा एक पर्याय तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, शिफ्ट धरून रिस्टार्ट केलं की येतो. त्यात ‘कीप माय फाइल्स’ म्हटलं तर फाइलींबरोबर खातीही राहतात आणि तो विसरलेला पासवर्डही राहतो, मग फायदा काय? ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हटलं तर दुकानदाराच्या फॉरमॅटचाच मावसभाऊ.

आत शिरलात की लगेच दोन कामं करा, प्रिंटर नंतर. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात ‘अदर यूजर्स’, तिथे तुमच्या खात्याचा प्रकार बदलून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. एका घरात एकच किल्ली आणि ती पुण्याला, हे बरं नाही. दुसरं, कंट्रोल पॅनलमध्ये यूजर अकाउंट्सच्या पानावर डावीकडे ‘क्रिएट अ पासवर्ड रिसेट डिस्क’ असतं. जुना, छोटा पेनड्राइव्ह लावून ते करा. त्यावर ‘यूजरकी’ नावाची एकच बारीक फाइल तयार होते. ती त्या एका लोकल खात्याची किल्ली. पुढे पासवर्ड पन्नास वेळा बदलला तरी ती चालते, पण नवी किल्ली केली की जुनी बाद. तो पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात ठेवू नका, कपाटातल्या लॉकरात, सोन्याशेजारी ठेवा. पेनड्राइव्ह ज्याच्या हाती, खातं त्याच्या हाती.

आणि आता दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाले म्हणून एक सावधगिरी. उद्या मुलगा पुन्हा विसरला, तर तुमच्या खात्यातून त्याचा पासवर्ड बदलता येईल, पण तसं जबरदस्तीने बदललं की त्याच्या ब्राउझरमधले जपून ठेवलेले पासवर्ड आणि त्याने विंडोजमध्ये एनक्रिप्ट केलेल्या फाइली त्यालाच उघडत नाहीत. फोटोंना काही होत नाही. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यावर एकदा मुलाशी बोला, पण शब्दांची प्रत हातात आल्यावर.

तुमच्या यादीची मला एक प्रत पाठवाल का? ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली, तिथे लोक मला अजून ‘टायपिंगवाली बाई’ म्हणतात. तुमची यादी मी शुद्धलेखन तपासून देईन, पैसे न घेता.

प्रश्न : लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलल्यापासून निळा पडदा येतो आणि ४८ आकडी की मागतो. मी पासवर्ड विसरलेलो नाही, तरी आत जाऊ देत नाही. परीक्षेचे प्रोजेक्ट आत आहेत. (विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर : हेच ते पेटीचं कुलूप, बिटलॉकर. त्याची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या एका चिपशी बांधलेली होती. बोर्ड बदलला, चिप बदलली, त्याला वाटलं लॅपटॉप चोरीला गेला. त्याचं चुकलं नाही. आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे आपल्याला न विचारताच चालू झालेलं असतं.

४८ आकडे बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असतात. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून डिव्हाइसची माहिती उघडा, तिथे रिकव्हरी की मिळते. निळ्या पडद्यावर कीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या कीशी जुळवून घ्या. खात्यात की दिसत नसेल तर आठव, लॅपटॉप पहिल्यांदा कुणाच्या ईमेलने सुरू केला होता? तुझ्या? मोठ्या भावाच्या? विकत घेतला त्या दुकानातल्या पोराच्या? की त्याच्या खात्यात असेल. कॉलेजच्या ईमेलने सुरू केला असेल तर कॉलेजच्या संगणक विभागाला विचार. कुठेच नाही सापडली, तर प्रोजेक्ट गेलं, बाळा. मग कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणालं तर देऊ नकोस.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, सुरू होताना एफ ८ दाबून सेफ मोडला (मोजक्याच गोष्टींसह विंडोज उघडतं तिथे) गेलं की ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नावाचं खातं दिसतं आणि ते पासवर्डशिवाय उघडतं. आमच्या विंडोज १० मध्ये ना एफ ८ चालत, ना ते खातं दिसत. (वाचक, नंदुरबार)

उत्तर : मित्र खोटं बोलत नाही, फक्त तो २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये राहतोय. एक्सपीच्या होम आवृत्तीत ते खातं एरवी लपलेलं असायचं, सेफ मोडमध्येच दिसायचं आणि त्याला बऱ्याचदा पासवर्ड टाकलेलाच नसायचा. आम्हीही क्लासमध्ये ही जादू दाखवून भाव खायचो. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हापासून ते खातं मुळात बंदच असतं, आणि विंडोज ८ पासून एफ ८ ही एरवी चालत नाही. तुमच्या खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर एरंडोलच्या गुरुजींना दिलेलं उत्तर वाचा. मित्रालाही द्या वाचायला.